कुडावरून कागदावर

लग्न ठरलं की आधी भिंत तयार करायची. कारवीच्या काड्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप, त्यावर गेरू. भिंत वाळेपर्यंत एकीकडे तांदूळ भिजत पडलेला असतो. तो वाटायचा, पाण्यात कालवायचा, चिकटपणासाठी थोडा डिंक घालायचा. बांबूची बारीक काडी घेऊन तिचं टोक दातांनी चावायचं, तंतू सुटे झाले की झाला कुंचला. मग सवासिनी भिंतीसमोर बसतात आणि चौक काढायला घेतात.

चौक म्हणजे भिंतीवरचा देव्हारा. चारी बाजूंनी नक्षीचे पट्टे, जाळी, साखळी, रेघांवर रेघा, आणि मधल्या मोकळ्या जागेत पालघट, पिकाची आणि लेकराबाळांची देवी. शेजारच्या लहान चौकटीत घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या देव. भोवती झाडं, शिडी, फणी, सूर्य, चंद्र, नाचणारी माणसं. माणूस काढायचा म्हणजे दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडायचे, वर गोल डोकं, खाली-वर काड्यांचे हातपाय. इतक्या थोड्या सामग्रीत बाई पाणी आणते, म्हातारा तारपा फुंकतो, पोर झाडावर चढतं, आणि प्रत्येकाची लगबग वेगळी ओळखू येते. बायका काढत असतात, गात असतात. लग्न लावायला भटजी नसतो. धवलेरी असते, म्हणजे देवांची गाणी तोंडपाठ असलेली बाई. तिचं गाणं आणि सवासिनींचा चौक यांच्याशिवाय वारली आदिवासींचं लग्न लागत नसे.

आता याच लग्नाची दुसरी बाजू. डहाणू, तलासरी, उंबरगाव, पालघर या पट्ट्यात लग्नाला लागणारे पैसे बहुतेकांकडे नसत. जमीन केव्हाच सावकाराच्या नावावर चढलेली. नवरदेव त्याच्याकडून शे-दोनशे रुपये उचलायचा आणि ते फिटेपर्यंत त्याच्या दारात राबायचा. एकटा नव्हे, नव्या नवरीसकट. याला शब्द होता लग्नगडी. व्याजाचा हिशेब सावकाराच्या वहीत, त्यामुळे फिटण्याचा दिवस उगवायचा नाही, आणि पुढं मुलंही त्याच दावणीला जायची. ज्या लग्नासाठी भिंतीवर पालघट उतरवायची, त्याच लग्नापायी जोडपं गुलाम व्हायचं. वारली चित्रांबद्दल इतकं लिहिलं गेलं, पण ही दोन लग्नं एकाच घरातली आहेत हे फार क्वचित सांगितलं जातं. मला या चित्रांचा इतिहास इथूनच सुरू करावासा वाटतो.

लग्नगड्याच्या जोडीला वेठ होती. जमीनदाराच्या शेतावर, जंगलाच्या ठेकेदाराकडे, येणाऱ्या-जाणाऱ्या अंमलदारासाठी बिनमजुरीचं काम. नकार दिला तर मार. डी. सिमिंग्टन या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबई सरकारसाठी आदिवासींच्या स्थितीवर अहवाल लिहिला. तो १९३९ मध्ये छापला गेला आणि कपाटात गेला. वारल्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची प्रांतिक परिषद भरली. उंबरगाव तालुक्यातले काही वारली तिथं आले होते. लोक माणसांसारखे बोलतात, भांडतात, मागण्या मांडतात, हे त्यांनी पाहिलं आणि गोदावरी परुळेकरांना आपल्या भागात बोलावलं. गोदावरीबाई पुण्याच्या गोखले घराण्यातल्या, कायद्याच्या पदवीधर, भारत सेवक समाजात काम केलेल्या. त्या आणि त्यांचे पती शामराव परुळेकर जंगलातून पायी हिंडू लागले. २३ मे १९४५ रोजी झरी गावात सभा झाली. ठराव साधा होता: उद्यापासून वेठ करायची नाही. सभेनंतर लोक गावोगाव गेले आणि लग्नगड्यांना जमीनदारांच्या वाड्यांतून बाहेर काढू लागले. पिढ्यान्‌पिढ्या चाललेली प्रथा काही आठवड्यांत कोलमडली. गोदावरीबाईंनी पुढं याची हकिगत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते पुस्तक वाचताना मला दर वेळी एका गोष्टीचं नवल वाटतं. जमीनदारासमोर ताठ उभं राहायचं, ही गोष्टसुद्धा या माणसांना शिकावी लागली होती.

पावसाळा संपला आणि गवतकापणी आली. या भागातलं गवत मुंबईला जायचं, व्यापारी गब्बर होते. वारल्यांची मागणी होती, पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. मालकांनी नाही म्हटलं, वारल्यांनी विळे खाली ठेवले. १० ऑक्टोबरला गावोगाव निरोप फिरला की गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे, तलवाड्याला लाल बावट्यापाशी जमा. निरोप खोटा होता. हजारो माणसं रात्रीची तलवाड्याला जमली. पोलिसांनी गोळीबार केला, रात्री आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी. जमाव बावट्याभोवती बसून राहिला. पाच माणसं मेली. पहिल्याचं नाव जेठ्या गांगड. तलासरीत आजही दर वर्षी १० ऑक्टोबरला या पाचांसाठी लोक जमतात.

तलासरी तालुक्यातल्याच धामणगावात तेव्हा अकराएक वर्षांचा एक मुलगा होता. सात वर्षांचा असताना त्याची आई गेली आणि त्याने बोलणंच टाकलं. काही सांगायचं झालं की खाली बसून धुळीत बोटाने चित्र काढायचा. जिव्या सोमा म्हसे त्याचं नाव. त्याच्याकडे पुढं येईनच.

१९४५ हे या पट्ट्यासाठी विलक्षण साल आहे. त्याच वर्षी के. जे. सावे यांचं वारल्यांवरचं इंग्रजी पुस्तक निघालं. आणि त्याच वर्षी समुद्राकाठच्या बोर्डी गावात ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. पुढं ते कोसबादच्या टेकडीवर गेलं आणि अनुताई वाघांनी तिथं आयुष्य घालवलं. वारल्यांची मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर या दोघींनी शाळाच पाड्यावर नेली. मुलांच्या अंगणात भरली ती अंगणवाडी, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणावर भरली ती कुरणशाळा. शिकवायचं साहित्य म्हणजे शिंपले, बिया, पानं, खडे, काटक्या. हात लावला की मुलाला ओळखीचं वाटेल असं. विकतची लाकडी साधनं परवडत नव्हती हे खरंच, पण या साधनांनी मुलाला हेही कळलं की त्याच्या रानातल्या वस्तूंना शाळेत किंमत आहे. आज मोठमोठ्या संस्थांमधून जे शिकवतात, ते या दोन बायकांनी कोसबादला कुठलंही मोठं नाव न देता करून दाखवलं होतं.

स्वातंत्र्य आलं, कूळकायदा आला, मुंबई राज्याची वाटणी होऊन उंबरगाव गुजरातेत गेलं. तारापूरला समुद्राकाठी अणुवीज केंद्र उभं राहिलं आणि १९६९ मध्ये देशातली पहिली अणुवीज तिथून वाहू लागली. तारा पाड्यांच्या डोक्यावरून मुंबई-गुजरातकडे गेल्या. बोईसरला औद्योगिक वसाहत झाली, स्टेशनावर गर्दी वाढली, आणि रानातला माणूस वीटभट्टीवर किंवा कारखान्याच्या फाटकावर रोजंदारीला उभा राहू लागला. जमिनीचा प्रश्न मिटला नव्हता. म्हणून तर १९७० च्या सुमारास पालघर तालुक्यात काळूराम धोदडे आणि त्यांच्या साथीदारांची भूमिसेना उभी राहिली. हातून गेलेल्या जमिनी परत घेणं आणि उरलीसुरली वेठ मोडणं हे तिचं काम.

याच काळात महाराष्ट्रावर १९७२ चा दुष्काळ आला, आणि डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या कळंबीपाड्यावर एक दाढीवाला चित्रकार कागद घेऊन पोचला.

तो चित्रकार म्हणजे भास्कर कुलकर्णी. ते याआधी बिहारात होते. १९६६-६७ च्या दुष्काळात मिथिलेतली माणसं उपाशी मरत असताना पुपुल जयकरांनी अखिल भारतीय हस्तकला मंडळाकडून त्यांना तिथं धाडलं होतं. मिथिलेच्या बायका लग्नात कोहबराच्या, म्हणजे नवरा-नवरीच्या खोलीच्या, भिंती रंगवतात, त्यांना कागद द्या, चित्रं विकली तर चार पैसे येतील, अशी कल्पना. कुलकर्णी खेड्यात राहिले, घरोघर कागद वाटले. त्यातून जगदंबा देवी, सीता देवी, गंगा देवी ही नावं देशाला कळली. जगदंबा देवींना १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली. भिंतीवरच्या लग्नचित्राला कागदावर आणलं तर दुष्काळात चूल पेटू शकते, हा अनुभव गाठीशी घेऊन ते डहाणूच्या रानात आले.

इथं मात्र गोष्ट वेगळी घडली. वारली बायका चौक काढत, पण फक्त लग्नात, फक्त भिंतीवर. लग्न नसताना, देवीला बोलावलेलं नसताना कागदावर ते का काढायचं, हे त्यांना उमजेना. त्या बिचकल्या असं सांगतात. मला तो नकारही समजूतदारपणाचा वाटतो, कारण चौक हा त्यांच्यासाठी देखावा कधीच नव्हता. त्याच वेळी कागद मागायला एक पुरुष पुढं आला. तो शेतमजूर होता, आणि बायकांच्या हातांकडे लहानपणापासून बघत आलेला. तो जिव्या होता.

बोलणं टाकलेल्या मुलाला जे धुळीत सापडलं होतं, त्याला आता कागद मिळाला. जिव्याने चौकाची चौकट काढून टाकली आणि आतली माणसं बाहेर सोडली. चौकाला लग्नाचं कारण लागायचं, तसं त्याच्या चित्राला उरलं नाही. भातलावणी, शिकार, आगगाडी, मुंग्यांची रांग, पाऊस, तारप्याभोवती वळत जाणारी नाचणाऱ्यांची साखळी, जे दिसेल ते तो काढायचा. कागद पुरेना तेव्हा कापडावर शेणाचा हात फिरवून त्याने आपली भिंत सोबत न्यायची सोय केली.

त्याचं मासे पकडायच्या जाळ्याचं चित्र नीट बघायला हवं. सगळ्या कापडावर जाळं पसरलेलं असतं. दुरून ते धुकं वाटतं. जवळ जाऊन पाहिलं की एकेक डोळा वेगळा काढलेला दिसतो, ठिपक्याएवढ्या रेघा, शेकडोंनी, आणि एकसारखी एकही नाही. जाळं कुठं ताणलंय, कुठं पाण्याने फुगलंय, ते रेघेच्या अंतरावरून कळतं. खाली कोपऱ्यात करंगळीच्या नखाएवढी माणसं ते ओढत असतात. हे काढायला किती दिवस मान वाकवून बसावं लागलं असेल, हा विचार मनात येतोच. त्यात कसलीही घाई नाही. ज्या माणसाने उभी हयात दुसऱ्याच्या शेतात रोपं लावली, त्याचाच हा हात. एक रोप, मग दुसरं, मग तिसरं.

१९७५ मध्ये मुंबईत जहांगीरच्या इमारतीतल्या केमोल्ड गॅलरीत त्याच्या चित्रांचं प्रदर्शन झालं. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग परदेशवाऱ्या सुरू झाल्या. रिचर्ड लाँग हा इंग्रज कलावंत पायी चालत, दगड-मातीची वर्तुळं मांडत जगभर हिंडणारा. तो वारल्यांच्या मुलखात आला, आणि २००३ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात दोघांचं काम एकाच छपराखाली मांडलं गेलं. २००९ मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लॉस पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री. त्याच वर्षीच्या पद्मश्रींच्या यादीत मिथिलेच्या महासुंदरी देवीही होत्या. मे २०१८ मध्ये जिव्या गेले तेव्हा गंजाडच्या आसपास शेकडो घरांत चित्रकला हा धंदा झाला होता. त्यांचे मुलगे सदाशिव आणि बाळू दोघंही चित्रकार.

एका कागदाने इतकं कसं केलं, असं विचारलं जातं. उत्तर देताना लोक जिव्याच्या प्रतिभेकडे आणि कुलकर्णींच्या नजरेकडे बोट दाखवतात. दोन्ही खरं आहे. पण मला तिसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची वाटते. १९४४ मध्ये हाच कागद आला असता तर काय झालं असतं? लग्नगड्याला कागद घेऊन बसायला दिवस कुणी दिला असता? चित्राचे पैसे सावकाराच्या वहीत गेले असते. चित्र काढून ते आपलं म्हणायला, त्याची किंमत सांगायला, दिल्लीला जाऊन परत घरी यायला आधी माणूस स्वतःचा असावा लागतो. ते झरी आणि तलवाड्याला घडलं होतं. कलेने समाज बदलला असं म्हणताना हा क्रम उलटा करू नये. आधी विळे खाली ठेवले गेले, मग कुंचला वर उचलला गेला.

आणि बायका? मिथिलेत कागदामागोमाग बायकांची नावं आली. डहाणूत पुरुषांची आली. कागद विकायला मुंबईला जावं लागतं, ऑफिसात उभं राहावं लागतं, मुक्काम करावा लागतो. पाणी, सरपण, शेत, लेकरं सोडून बाईने ते केव्हा करायचं? बाजार ज्याला भेटला त्याच्या नावाची सही चित्राखाली आली. चौक काढणाऱ्या कुणीच कधी सही केली नव्हती. यशोधरा दालमियांनी या पाड्यांवर राहून अभ्यास केला आणि १९८८ मध्ये आलेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकात लग्नाचा चौक, सवासिनी आणि धवलेरी यांना मध्यभागी ठेवलं. हे काम वेळेवर झालं याबद्दल त्यांचे ऋण मानायला हवेत, कारण आज शहरात कुणालाही विचारा, वारली चित्र म्हटलं की तारप्याचा नाच सांगतील. पालघट क्वचितच कुणी सांगेल.

नाच सगळीकडे पोचला हे मात्र खरं. साड्या, कप, कुर्ते, हॉटेलांच्या भिंती, सरकारी कुंपणं. गेरूचा तपकिरी आणि वर पांढरी माणसं, बहुतेक वेळा वारल्याचा हात न लागलेली. छापणाऱ्याला कुणाची परवानगी लागत नव्हती. म्हणून डहाणूच्या आदिवासी तरुणांनी संघटना करून भौगोलिक मानांकनासाठी अर्ज केला, आणि २०१४ मध्ये वारली चित्रकलेला ते मिळालं. त्याच वर्षी १ ऑगस्टला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. मानांकनाने प्रत्येक नकली कप बंद पडत नाही. पण हे चित्र कुठल्या मातीतलं आणि कुणाचं, हे आता कायद्याच्या कागदावर आहे, आणि तो कागद बाहेरच्या कुणी आणून दिलेला नव्हता. हा फरक मोठा आहे.

गंजाडचेच राजेश वांगड यांनी पुढचं पाऊल टाकलं. २०१३ च्या सुरुवातीला छायाचित्रकार गौरी गिल तिथं आल्या. त्यांनी वांगडांना त्यांच्या रानात, नदीकाठी, गावात उभं करून कृष्णधवल छायाचित्रं काढली. वांगडांनी ती पाहिली आणि जणू म्हटलं की यात बरंच काही दिसत नाही. त्या छापील छायाचित्रांवर त्यांनी काळ्या शाईने बारीक वारली रेघांत न दिसलेलं सगळं भरलं. मोकळ्या आभाळात देव आले, पूर्वजांच्या गोष्टी आल्या, तुटलेलं जंगल आलं, दुष्काळ, कारखाने, गावावर चालून आलेली माणसं आली. छायाचित्रात एकटा पाठमोरा उभा असलेला माणूस, आणि त्याच्या डोळ्यांपुढं त्याच्या मुलखाचा सगळा इतिहास उलगडलेला. ही चित्रं २०१७ मध्ये डॉक्युमेंटा या जर्मनीतल्या जगप्रसिद्ध प्रदर्शनात लागली. जिव्याने चौकटीतून माणसं मोकळी केली होती. वांगडांनी त्या माणसांना साक्षीला उभं केलं.

साक्षीची गरज आहेच. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते डहाणू तालुक्यातल्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली, सुमारे ७६ हजार कोटींचा प्रकल्प. किनाऱ्यावरचे मच्छीमार आणि आतल्या पाड्यांवरचे आदिवासी वर्षानुवर्षं त्याला विरोध करत आले आहेत. जून १९९१ मध्ये केंद्र सरकारनेच डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला होता. हा मुलूख ज्यांनी भिंतीवर जपला त्यांना पुढचा नकाशा काढताना कुणी कुंचला देणार आहे का, हे मला विचारावंसं वाटतं.

विरार सोडून गाडी उत्तरेकडे निघाली की पालघर, बोईसर मागं पडतं आणि डहाणूला उतरून गंजाडचा रस्ता धरता येतो. वाटेत दारावर चित्रकाराच्या नावाची पाटी, फोन नंबर, भिंतीवर नमुना म्हणून काढलेला नाच. घरं आता बरीचशी विटांची आहेत, पत्र्याची किंवा स्लॅबची. लग्न निघालं की विटांच्या भिंतीचा एक तुकडा गेरूने लिंपून घेतात. तांदूळ भिजतो. सवासिनी बसतात, चारी बाजूंच्या रेघा आधी, पालघट मागाहून. चित्र पुरं झालं की हात धुऊन स्वयंपाकाला लागतात, आणि पावसाळ्यात ओल चढून चौक फिका होत जातो तेव्हा त्याला कुणी हात लावत नाही.